माशी, खाच आणि शिपायाचा डोळा

मागच्या भागानंतर बडोद्याच्या एका प्रेक्षकांनी विचारले होते, "सर, बंदुकीच्या नेमाच्या इतक्या तऱ्हा आहेत. उघडी साइट, भोकाची साइट, दुर्बीण, लाल ठिपका. यांतली चांगली कोणती?" व्हिडिओत मी याचे उत्तर पाच मिनिटांत उरकले. पुस्तकासाठी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. नेम धरायचा अधिकार कोणाला द्यायचा? आपल्या देशाच्या इतिहासात तो प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा ठरला आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. अकादमीत पहिल्यांदा रायफल हातात आली तेव्हा उस्ताद ओरडले, "शिस्त लो!" मी मराठी मुलगा. मला वाटले, माझे काहीतरी चुकले, शिस्तीत राहा म्हणताहेत. मी पडल्या पडल्या टाचा जुळवल्या. शेजारचा गढवाली मुलगा फिदीफिदी हसला. फौजेच्या हिंदीत शिस्त लेना म्हणजे नेम धरणे. नंतर कळले, की जुन्या मराठीतही शिस्त या शब्दाला नेम हा अर्थ आहे. मूळ फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि बाण सोडणारा अंगठ्यात घालतो ते कडेही. धनुष्याचा शब्द बंदुकीने उचलला. आपण मराठीत त्यातला नेम विसरलो आणि रांगेत उभे राहणे तेवढे लक्षात ठेवले.

तोड्याच्या बंदुकीपासून निघू. आपल्याकडच्या या बंदुकांना लांब नळी असे, पुढच्या टोकाला बारीक उंचवटा असे. त्याला शिकारी लोक माशी म्हणतात. मागे खाच असे. बंदूक जड, भरायला वेळ खाणारी. पण भिंतीच्या आडून किंवा खडकावर टेकवून निवांत मारली तर नेमाला चांगली. चितोडच्या वेढ्यात फेब्रुवारी १५६८ मध्ये तटाची डागडुजी करून घेणाऱ्या जयमलवर अकबराने स्वतः गोळी झाडली. त्या बंदुकीचे नाव 'संग्राम', असे अबुल फजल सांगतो. बंदुकीला नाव आहे, मारणाऱ्याला नाव आहे, ज्याला लागली त्यालाही नाव आहे.

युरोपी धर्तीच्या कवायती फौजेत हे तिन्ही पुसले गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाच्या हातात आली ती 'ब्राउन बेस', चकमकीची बंदूक. तिला मागची साइट नव्हतीच. पुढे संगीन अडकवायचा जो लोखंडी खुंटा असे तोच काय तो माशीसारखा. यात कारागिराची चूक नव्हती. नळीचा व्यास पाऊण इंच आणि गोळी त्याहून लहान, सुमारे ०.६९ इंच, कारण काळवंडलेल्या नळीतही ती झटकन उतरली पाहिजे. झाडल्यावर गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे जाई. शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला नेमून मारणे म्हणजे नशिबाचा खेळ. कर्नल जॉर्ज हँगरने १८१४ मध्ये लिहून ठेवले आहे, की दीडशे यार्डांवरून नेम धरून मारलेली गोळी ज्याला लागेल तो फारच कमनशिबी म्हणायचा.

मग साइट कशाला? रांग करा, बंदुका समोर सपाट धरा, हुकूम झाला की सगळ्यांनी एकदम झाडा. नेम धरणारा एकच, तो म्हणजे अधिकारी. कुठे तोंड करायचे आणि केव्हा झाडायचे हे त्याने ठरवायचे. शिपायाने भराभर भरायचे, डगमगायचे नाही. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभारलेल्या कंपूंचीही रीत हीच होती. त्या काळच्या हत्याराला ती शोभून दिसत होती. मी तिला नावे ठेवणार नाही.

पण तिची मर्यादा काबूलच्या वाटेवर उघडी पडली. जानेवारी १८४२ मध्ये एल्फिन्स्टनची फौज काबूलहून निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक, त्यांत बहुसंख्य आपले हिंदुस्थानी शिपाई, आणि मागे बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर अफगाण लांब नळीच्या 'जेझाइल' खडकावर टेकवून बसलेले. त्यांचा एकेक जण निवांत नेम धरत होता. खालून ब्राउन बेसची गोळी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

आता १८५३ ची एनफील्ड. हिच्यावर मला जरा थांबू द्या. ही बंदूक म्हटले की आपल्याला चरबी लावलेली काडतुसे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या नळीवर पाठीमागे एक छोटीशी शिडी होती, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नळीच्या आत पीळ होते. गोळी लांबट, झाडल्यावर बूड फुगून पिळांत घट्ट बसणारी. त्यामुळे ती सरळ जाई. पण ती होती जड आणि हळू. सहाशे यार्डांवर मारायची तर वाटेत दोन पुरुष उंचीच्याही वरून जाऊन मग खाली येणार. म्हणजे अंतर ओळखण्यात चूक झाली तर गोळी एक तर डोक्यावरून निघून जाणार किंवा पायाशी माती उडवणार. म्हणून ती शिडी. जवळच्या अंतराला आडवी ठेवून पायऱ्यांवर सरकवायची, पुढच्या अंतराला उभी करायची आणि पट्टी वर चढवायची, हजार यार्डांच्या आसपासपर्यंत.

या शिडीने काय केले ते पाहा. ती वापरायची तर शिपायाला स्वतः अंतर ओळखता आले पाहिजे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो का, गणवेशाची बटणे दिसतात का, की नुसती आकृती, यावरून अदमास बांधायचा. आकडे वाचता आले पाहिजेत. थोडक्यात, जो निर्णय काल अधिकारी घेत होता तो आज शिपायाने घ्यायचा. हे शिकवण्यासाठी इंग्रजांनी १८५३ मध्ये हाइथ इथे खास शाळा काढली. हिंदुस्थानात १८५७ च्या सुरुवातीला तीन ठिकाणी शिक्षणाची सोय झाली: दमदम, अंबाला आणि सियालकोट. निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तिथे पाठवले गेले, ते ही नवी नेमाची विद्या शिकायला. काडतुसांची बातमी फुटली ती दमदमलाच, जानेवारीत. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि त्याच्याही पुढचे फारसे कोणाला ठाऊक नसते. उठाव मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न आला, देशी शिपायाच्या हातात आता काय द्यायचे? उत्तर असे निघाले: बंदूक दिसायला एनफील्डसारखीच, पण आतले पीळ काढून टाकलेले. ०.५७७ इंचांची नळी ०.६५६ इंचांपर्यंत पोखरून गुळगुळीत केली. आणि ती शिडी? ती काढली. तिच्या जागी एक साधी, न हलणारी खाच बसवली. हा १८५८ चा नमुना. पोखरून नळीची भिंत पातळ झाली म्हणून पुढच्या वर्षी जाड नळीचा दुसरा नमुना काढावा लागला. अपवाद होते, काही पलटणींकडे चांगल्या रायफली राहिल्या. पण सर्वसाधारण शिपायाला मिळाली ती ही.

अशी बंदूक समोर ठेवली तर पहिल्या नजरेला वेगळी वाटत नाही. लाकूड तेच, पितळी साज तसाच. बोट नळीवरून मागे फिरवले की जिथे शिडी असायला हवी तिथे ठेंगणा ठोकळा लागतो. इतिहासाच्या पुस्तकात अविश्वास हा शब्द शंभरदा वाचला असेल, पण तो असा बोटाला कधी लागत नाही.

याच वर्षी सिंधच्या वाळवंटात अगदी उलटे काही चालले होते. जॉन जेकब हा मुंबई फौजेतल्या तोफखान्याचा अधिकारी, जेकबाबाद ज्याच्या नावाचे तो. विक्षिप्त माणूस, पण बंदुकीचे वेड अफाट. त्याने स्वतः दुनळी रायफल बनवून घेतली. तिची साइट थेट दोन हजार यार्डांपर्यंत आखलेली. तिच्यासाठी स्फोटक गोळीही केली, शत्रूच्या तोफखान्याच्या दारूगाड्या दुरून उडवण्यासाठी. आणि १८५८ मध्येच 'जेकब्ज रायफल्स' नावाची पलटण उभी केली, ती देशी शिपायांची. दोन हजार यार्डांवर माणूस टिपता येतो हा त्याचा दावा मला आजही अतिशयोक्त वाटतो. पण नेमबाजी ही कातडीच्या रंगावर ठरत नाही एवढे त्याला दिसत होते. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. सरकारने त्याचे फारसे ऐकले नाही.

पुढे पन्नासएक वर्षे धोरण ठरून गेले, देशी शिपाई एक पायरी मागे. गोऱ्या सोल्जरला १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री मंजूर झाली, तेव्हा आपल्या शिपायाकडे त्याची उतरलेली स्नायडर येऊ लागली. त्याच्याकडे १८८८ नंतर ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनी आपल्याकडे. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला, तसे.

एक गंमत मात्र सांगायला हवी. गोऱ्या सोल्जरवर तरी पूर्ण भरवसा होता का? ली-एनफील्डच्या डाव्या अंगाला एक जादा साइट असे, तबकडी आणि काट्याची, २८०० यार्डांपर्यंतची. अडीच किलोमीटरवर एकटा माणूस डोळ्याला दिसत नाही, त्याचा नेम काय धरणार? ही साइट होती सामुदायिक बारासाठी. अधिकारी अंतर ओरडून सांगणार, पन्नास जण एकदम आकाशात झाडणार, तिकडे कुठेतरी गोळ्यांचा पाऊस पडणार. म्हणजे जुनी ब्राउन बेसची रीतच, फक्त लांबून. बोअर युद्धात शेतकऱ्यांनी माउझर घेऊन इंग्रजांना जे शिकवले त्यानंतर रीत बदलली. तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमलेल्या गोळ्या हा कसोटीचा दंडक झाला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ती तबकडी निरुपयोगी ठरली आणि १९१६ च्या सुमारास काढून टाकली गेली.

त्या युद्धात सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज मार्सेल बंदरात उतरली. तिथे शिपायांनी घरून आणलेल्या रायफली जमा केल्या आणि त्यांना गोऱ्यांकडची नवी रायफल व नवे काडतूस मिळाले. नव्या काडतुसाची गोळी वेगवान, मार्ग अधिक सपाट, साइटची आखणी वेगळी. सराव करायला थोडेच दिवस. अनोळखी रायफल, अनोळखी चिखल. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेलच्या गल्ल्यांत शिरल्या. रणांगणावर आणून उभे केल्यावर विश्वास दाखवला, अशातला तो प्रकार.

आता बडोदेकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तंत्राची खरी मजा इथे आहे.

उघड्या साइटने नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. नवा रंगरूट हमखास लक्ष्याकडे बघतो, कारण भीती किंवा उत्सुकता तिकडेच असते. माशी पुसट होते, खाचेत इकडेतिकडे होते, आणि त्याला पत्ताही नसतो. हिशेब करून बघा. जुन्या .३०३ मध्ये खाच आणि माशी यांतले अंतर सुमारे १९ इंच. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली तर तीनशे मीटरवर गोळी साठ सेंटिमीटरने चुकते. म्हणजे माणूस वाचला. म्हणून चांदमारीवर आमचे उस्ताद घसा कोरडा होईपर्यंत ओरडत, "फोरसाइट देखो, टारगेट नहीं!" उन्हात माशी चकाकली तर मेणबत्तीच्या काजळीने ती काळी करत. शत्रू पुसट दिसू द्या, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. जिवावर बेतले असताना शत्रूवरून नजर काढून लोखंडाच्या तुकड्यावर ठेवायची, हे सांगायला सोपे आहे.

भोकाच्या साइटने, म्हणजे अपर्चरने, तिघांतला एक कमी केला. मागे खाचेऐवजी बारीक भोक, डोळ्याच्या जवळ. त्या भोकाकडे बघायचे नसते, त्यातून बघायचे असते. डोळा आपोआप मध्य शोधतो, कारण तिथे उजेड जास्त. शिवाय बारीक भोकातून जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. पटत नसेल तर एका कागदाला टाचणीने भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून मोबाइलवरची अक्षरे वाचा. चाळिशी लागलेल्या मंडळींना चमत्कार वाटेल. मी साठी ओलांडली आहे. उघड्या साइटची माशी मला आता कापसासारखी दिसते, पण अपर्चरमधून अजून जमते.

इंग्रजांनी ही साइट दुसऱ्या महायुद्धात ली-एनफील्डच्या नंबर ४ रायफलीवर आणली. साइट मागे सरकल्याने दोन टोकांतले अंतरही २८ इंचांच्या वर गेले, म्हणजे तेवढ्याच चुकीला गोळी कमी भरकटणार. आपल्या इशापूरच्या कारखान्याने मात्र नंबर ४ बनवलीच नाही. तिथली यंत्रे जुन्या नमुन्यावर बेतलेली, तीच .३०३ खाचेसकट निघत राहिली. पुन्हा एक पायरी मागे, पण यात आता कोणाचा अविश्वास नव्हता. आधीच्या पन्नास वर्षांचा हिशेब यंत्रांत गोठून राहिला होता. १९६२ च्या नोव्हेंबरात नेफाच्या डोंगरांत आपला जवान तीच बोल्टची .३०३ घेऊन उभा होता, समोरच्या चिन्यांकडे स्वयंचलित हत्यारे होती. त्यानंतर इशापूरची ७.६२ ची एसएलआर सर्वत्र आली आणि तिच्याबरोबर साध्या शिपायाला अपर्चर मिळाले, २०० ते ६०० पर्यंत आखलेले. त्याच काळात .३०३ च्याच सांगाड्यावर ७.६२ ची एक तडजोडीची रायफलही तिथे बनली. तिची साइट आधी दोन हजारांपर्यंत होती, पुढच्या आवृत्तीत ८०० वर आणली. कोणीतरी शहाण्याने शेवटी कबूल केले, की दोन हजारांवर कोणी मारत नाही.

दुर्बिणीने तिन्ही गोष्टी एका प्रतलात आणल्या. ड्रागुनोवच्या दुर्बिणीत तर एक वाकडी रेघ असते. माणूस १.७ मीटर उंच धरून त्याला त्या रेघेखाली बसवला की अंतर कळते. ज्यासाठी शिपायांना दमदमला पाठवावे लागे, ते काचेवर कोरून ठेवले. लाल ठिपक्याची कल्पना आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रबची, १९०० सालची. काचेवर पडणारी खूण डोळ्याला फार लांब, लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखी भासते. रायफलीवर ती विजेच्या ठिपक्याच्या रूपात रुळली ती १९७५ नंतर. दोन्ही डोळे उघडे, नजर शत्रूवर, ठिपका तिथे नेला की झाले. शंभरेक मीटरच्या आत, गडबडीत, अंधुक उजेडात याला तोड नाही. तीनशेच्या पुढे मी दुर्बीणच निवडेन. आणि बॅटरी मेली किंवा काचेवर चिखल बसला तर खाली लोखंडी साइट हवीच, आणि ती वापरता यायला हवी. बडोदेकर, तुमचे उत्तर एवढेच.

आता जे व्हिडिओत सांगायचे टाळले ते सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी, सेक्शनमधल्या प्रत्येक रायफलीवर दुर्बीण किंवा ठिपक्याची साइट असावी का, यावर आम्हा काही अधिकाऱ्यांकडून मते मागवली होती. मी विरोधात टिपण लिहिले. निवडक नेमबाजांना द्या, सर्वांना नको. साधा जवान नाजूक वस्तू सांभाळणार नाही, फोडेल, हरवेल, आणि लोखंडी साइटची विद्या विसरेल. चांगले दीड पानी, मुद्देसूद टिपण होते. माझे कौतुकही झाले.

निवृत्तीनंतर १८५८ च्या त्या पोखरलेल्या नळ्यांबद्दल वाचत होतो. शिपायाला साधीच वस्तू पुरे, त्याला एवढे लागत नाही, असा सगळा सूर. वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटू लागला, आणि कुठे ऐकला ते आठवायला वेळ लागला नाही. त्या साहेबांना निदान बंडाची भीती होती. मला कसली होती?

टिपण पाठवण्याआधी मी ते माझ्या प्लॅटूनच्या जुन्या हवालदाराला वाचून दाखवले होते. कोल्हापूरकडचा माणूस, कमी बोलणारा. त्याच्या लोकांकडे रात्री पाहायच्या साइट्स कित्येक वर्षे होत्या, प्रत्येकीची किंमत त्याच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त, आणि एकही फुटली नव्हती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, रातची दुर्बीण आमी संभाळतो, आन् दिवसाची मोडू व्हय?"

मी हसलो होतो. टिपण तसेच पाठवले.